हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतले, म्हणून लस खरी ठरली का?

१/२५
मुंबईच्या प्लेगविषयीची एक गोष्ट समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरते. १८९७ च्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेली लस सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली, ताप सोसला, तो वाचला आणि लस सिद्ध झाली, अशी ती गोष्ट. शेवटी बहुधा दोनपैकी एक वाक्य जोडलेले असते : 'तरीही अडाणी लोकांनी विरोध केला' किंवा 'लस हा इंग्रजांचाच डाव होता'. वाक्य कोणतेही असो, चूक एकच आहे. औषध खरे की खोटे, याचा निर्णय ही गोष्ट औषध देणाऱ्याच्या छातीवरून किंवा त्याच्या जातकुळीवरून लावते. या धाग्याचा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

२/२५
आधी काळ समजून घ्यावा. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील एका रुग्णाला प्लेग झाल्याचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी केले. मुंबईची वस्ती त्या वेळी आठ लाखांच्या आसपास होती. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गावाकडे निघाली. गिरण्या ओस पडू लागल्या, गोदीतला व्यापार मंदावला. मराठी वृत्तपत्रे या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हणत. काखेत किंवा जांघेत गाठ, अंगात फणफणता ताप, आणि बहुतेक घरांत त्यानंतर काही दिवसांतच तिरडी.

३/२५
अशा वेळी निवडायचे काय? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे मुंबईत कोणाला ठाऊक नव्हते. उंदरावरच्या पिसवांचा दुवा पॉल-लुई सिमों यांनी कराचीत शोधला तो १८९८ मध्ये. तोवर भिंतींना चुना लावणे, गटारे धुणे, कार्बॉलिक शिंपडणे, घरे रिकामी करणे एवढेच शासनाच्या हाती होते. वैद्य, हकीम आणि विलायती डॉक्टर या तिघांच्याही औषधाच्या पेटीत प्लेग बरा करणारे खात्रीचे असे काहीच नव्हते. जी निवड करायची ती अंधारात करायची होती.

४/२५
हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओदेसा शहरातल्या ज्यू कुटुंबातला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरची लस तयार केली आणि तिच्या चाचण्यांसाठी १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. १८९६ च्या ऑक्टोबरात शासनाने त्यांना मुंबईला बोलावले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातल्या तुटपुंज्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह, त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्यांची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना जी मात्रा दिली गेली तिच्या मानाने ही कितीतरी मोठी होती. ताप आला, वेदना झाल्या, काही दिवसांत दोन्ही ओसरले.

५/२५
या धैर्याला वंदन करावे. पण त्यातून सिद्ध काय झाले, हेही विचारावे. सिद्ध झाले ते इतकेच, की त्या दिवशीच्या त्या मात्रेने त्या एका माणसाचा जीव घेतला नाही. लस प्लेगपासून वाचवते, हे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. त्या हिवाळ्यात मुंबईत राहिलेल्या लाखो माणसांनी कोणतीही लस घेतली नव्हती आणि त्यांपैकी बहुसंख्यांना प्लेग झाला नाही. लस घेऊन हाफकिन वाचले, आणि लस न घेता त्यांच्या गल्लीतला दूधवालाही वाचला. एका माणसाच्या वाचण्याने हा हिशेब सुटत नाही.

६/२५
हे ज्याला पटत नसेल त्याने १८९२ हे एकच साल पाहावे. त्या वर्षीच्या जुलैत हाफकिन यांनी पटकीची लस पॅरिसमध्ये स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटनकोफर या सत्तरी ओलांडलेल्या नामांकित आरोग्यशास्त्रज्ञाने पटकीचे जिवंत जंतू असलेले द्रव चक्क पिऊन टाकले. केवळ जंतूने पटकी होत नाही, तिला जमिनीची विशिष्ट स्थिती लागते, हे त्यांना दाखवायचे होते. त्यांना थोडे जुलाब झाले आणि ते वाचले. धैर्य दोघांचेही अस्सल होते. त्यांपैकी पेटनकोफर चुकीचे होते.

७/२५
आणखी एक दाखला. क्षयाचा जंतू शोधणारे आणि पटकीच्या जंतूची ओळख कलकत्त्यात पक्की करणारे रॉबर्ट कॉख त्या युगातले सर्वांत मोठे जंतुशास्त्रज्ञ. १८९० मध्ये त्यांनी क्षयावरचा उपाय म्हणून ट्युबरक्युलिन जाहीर केले. तेही त्यांनी स्वतःला टोचून घेतले होते आणि त्यांना जबर ताप आला होता. युरोपभरचे रुग्ण आशेने बर्लिनला धावले. वर्षभरात कळून चुकले की त्याने क्षय बरा होत नाही. काहींचा आजार उलट बळावला. पुढे ते द्रव्य निदानासाठी उपयोगी पडले, उपचारासाठी नव्हे. म्हणजे स्वतःवरचा प्रयोगही होता, जगद्विख्यात नावही होते. औषध मात्र नव्हते.

८/२५
मग हाफकिन यांची लस सिद्ध झाली कशाने? १० जानेवारीच्या टोचणीने नव्हे, तर त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात झालेल्या मोजणीने. तुरुंगात प्लेग शिरला होता. सुमारे दीडशे कैद्यांनी टोचून घेतले आणि त्याहून थोड्या अधिक कैद्यांनी घेतले नाही. अन्न, कोठड्या, पाणी, हवा सगळ्यांना सारखीच. टोचणीच्या दिवशीच ज्यांना रोग जडलेला दिसला त्यांना वेगळे धरले गेले. पुढच्या आठवड्यात न टोचलेल्यांपैकी डझनभर कैदी आजारी पडले आणि त्यांतले निम्मे दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. शूर माणसाच्या गोष्टीने जे सांगितले नव्हते ते या तुलनेने सांगितले.

९/२५
मात्र भायखळ्याचा पुरावाही डोळे मिटून स्वीकारण्यासारखा नाही. संख्या लहान होती. कैद्यांनी 'स्वेच्छेने' टोचून घेतले असे सांगितले जाते. पण तुरुंगात सरकारी डॉक्टर समोर उभा असताना स्वेच्छा कितपत स्वतंत्र राहते? शिवाय पुढे येणारे कैदी मुळातच अधिक धडधाकट असतील, तर फरक लसीचा की प्रकृतीचा? इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधनाची चिकित्सा करावी असे सांगितले जाते. आकडेही साधनच आहेत. त्यांनाही तोच नियम लागू आहे.

१०/२५
या शंकेचे उत्तर बडोदे संस्थानात मिळाले. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंडेरा गावात प्लेग असताना हाफकिन तेथे गेले. जो येईल त्याला टोचायचे, असे तेथे केले नाही. एकेक कुटुंब समोर घेऊन त्यातल्या निम्म्या माणसांना लस देण्यात आली; पुरुष, स्त्रिया, मुले, सशक्त, अशक्त यांची वाटणी दोन्ही बाजूंना शक्य तितकी सारखी ठेवली गेली. एकच छप्पर, एकच चूल, घरात फिरणारे उंदीरही तेच. फरक फक्त टोचणीचा. धडधाकट माणसेच लसीकडे गेली, ही शंका या मांडणीत पुष्कळशी गळून पडते.

११/२५
साथ ओसरल्यावर पुन्हा मोजणी झाली. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ आजारी पडली, ३ मेली. त्याच कुटुंबांत लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ आजारी पडली, २६ मेली. एका बाजूला शंभरात चार मृत्यू, दुसऱ्या बाजूला शंभरात चाळीस. हाफकिन यांच्या कार्याचे खरे शिखर हे आहे. पण उंडेऱ्याचे नाव अशा गोष्टींत क्वचितच येते. त्यात एकटा नायक नाही, सुईची नाट्यमय घटना नाही. आहे ती दोन रकान्यांची यादी.

१२/२५
त्या यादीचे मोलही सांगायला हवे. लस न मिळालेल्या रकान्यातल्या त्या २६ जणांनी विज्ञानासाठी प्राण वाहिले नव्हते. घराच्या वाटणीत ते दुसऱ्या अर्ध्यात पडले, इतकेच. कोणाचा भाऊ वाचला असेल, कोणाची आई गेली असेल, आणि तीही एकाच ओसरीवर. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग या रीतीने करता येणार नाही, आणि येऊ नये. परंतु ज्या ज्ञानासाठी ही किंमत मोजली गेली ते ज्ञान बाजूला सारून एका माणसाच्या शौर्याची गोष्ट सांगत बसणे म्हणजे त्या २६ जणांना दुसऱ्यांदा यादीबाहेर काढणे होय.

१३/२५
लस हा प्रतिबंध झाला. आजारी पडलेल्यावर उपचार काय करावा? इथेही तोच धडा आहे. प्लेगचा जंतू शोधणारे अलेक्सांद्र येर्सां १८९७ मध्ये घोड्याच्या रक्तापासून बनवलेले रक्तद्रव, म्हणजे सीरम, घेऊन मुंबईत आले. आदल्या वर्षी चीनमध्ये त्यांनी मोजक्या रुग्णांवर ते वापरले होते आणि निकाल थक्क करणारे होते. नाव मोठे, अनुभव ताजा, आशा अमाप. मुंबईच्या रुग्णालयांत मात्र त्या रक्तद्रवाने घोर निराशा केली. चीनमध्ये वाचलेले रुग्ण औषधाने वाचले की आपोआप, हे सांगणारा दुसरा रकाना तेथे नव्हताच.

१४/२५
त्यानंतर इटलीहून अलेस्सांद्रो लुस्तिग यांचे रक्तद्रव आले. ऑर्थर रोडच्या रुग्णालयात डॉ. नसरवानजी होरमसजी चोकसी या पारशी डॉक्टरांनी ते पारखण्यासाठी सोपी युक्ती वापरली. येणाऱ्या रुग्णांपैकी एकाआड एकाला रक्तद्रव द्यायचे, उरलेल्यांना नेहमीचे उपचार. कोणता रुग्ण बरा होण्याजोगा दिसतो हे पाहून निवड करायला डॉक्टरलाही वाव ठेवायचा नाही. रक्तद्रव जादू ठरले नाही. दोन्ही गटांत बहुसंख्य रुग्ण दगावले. एका विख्यात युरोपीय औषधाला मुंबईतल्या डॉक्टरने या तराजूत तोलले, ही अभिमानाची गोष्ट आहे. ती सांगणारा धागा मात्र विरळा.

१५/२५
याच तराजूने हाफकिन यांच्या लसीच्या मर्यादाही दाखवल्या. ती आजारी पडलेल्याला बरे करत नव्हती. टोचल्यानंतर पहिले काही दिवस संरक्षण मिळत नव्हते. मिळालेले संरक्षण अपुरे होते आणि काही महिन्यांत क्षीण होत असे. १८९८-९९ मधल्या हिंदुस्थान प्लेग आयोगानेही लसीचा उपयोग मान्य केला, पण ती पूर्ण संरक्षण देत नाही हेही नोंदवले. चमत्काराची भाषा बोलणाऱ्यांना ही वाक्ये गैरसोयीची वाटतात. प्रत्यक्षात लसीवरचा विश्वास अशाच वाक्यांनी टिकतो. कारण लस घेतलेल्या एखाद्याला प्लेग झाला तरी सगळा डोलारा कोसळत नाही.

१६/२५
आता त्या शेवटच्या वाक्यांकडे वळू या. 'अडाणी लोकांनी लसीला विरोध केला.' ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. त्याने शासनाला अमर्याद म्हणावेत असे अधिकार दिले आणि अधिकाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण दिले. पुण्यात रँडसाहेबांच्या प्लेग समितीखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले. देवघरे आणि माजघरे तुडवली गेली, स्त्रियांची तपासणी झाली, संशयितांना छावण्यांत नेले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या त्या या जुलमाविरुद्ध. तो उठाव लसीविरुद्ध होता असे सांगणारे झडती आणि टोचणी यांची गल्लत करतात. झडती सक्तीची होती, तर टोचणी प्रामुख्याने ऐच्छिक.

१७/२५
लसीविषयी भीती नव्हती असे नाही. अफवा अमाप होत्या. पण त्या भीतीची कारणे अडाणीपणात शोधणे हा आळस आहे. जे सरकार घरात घुसून माणसे उचलून नेते, तेच सुई घेऊन आले तर माणूस दोन हातांत फरक कसा करील? टोचल्यावर दोन-तीन दिवस ताप येई. रोजंदारीवरच्या गिरणी कामगाराला तो परवडणारा नव्हता. काही ठिकाणी टोचून घेतलेल्यांना छावणीतून सूट मिळे. म्हणजे ऐच्छिक टोचणीलाही मागून धाकाचा टेकू होता. १८९७ च्या मार्चमध्ये रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच सावित्रीबाई फुले गेल्या. ज्यांच्याकडे असे सेवेकरी आले तेथे माणसांनी दारे उघडली.

१८/२५
धैर्याची खरी जागा इथे आहे. तिसरे आगाखान त्या वेळी अवघे वीस वर्षांचे होते. त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी जागा दिली, आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले, आणि हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. यामुळे लस अधिक परिणामकारक झाली का? अर्थातच नाही. ती जितकी परिणामकारक होती तितकीच राहिली. पण लोकांची भीती मोडली. आपला माणूस पुढे आला की विश्वास बसतो. विश्वास आणि पुरावा या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि साथीत दोन्ही लागतात. मात्र विश्वासालाच पुरावा मानले की भोंदूचेही फावते, कारण तोही आपले औषध सर्वांदेखत पिऊन दाखवू शकतो.

१९/२५
दुसरे वाक्य : 'लस हा इंग्रजांचा डाव होता.' यासाठी पुढे केला जाणारा दाखला म्हणजे मलकोवाल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या फोडल्या गेल्या. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. उरलेल्या ८८ जणांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही. हे १९ मृत्यू लपवण्याचे कारण नाही. लसीच्या बाजूने बोलणाऱ्याने तर ते आधी सांगावेत.

२०/२५
चौकशी आयोग बसला. बाटली फोडण्याआधीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतच, दूषित झाली असावी असा निष्कर्ष निघाला. पंजाबाची मोठी मागणी पुरवण्यासाठी हाफकिन यांनी कृतीत बदल केला होता आणि कार्बॉलिक आम्ल वगळले होते, यावर बोट ठेवले गेले. त्यांना संचालकपद गमवावे लागले. पण गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे साक्षीत आले होते. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर तिला दुर्गंधी सुटायला हवी होती. उघडणाऱ्या डॉक्टरला तशी दुर्गंधी जाणवली नव्हती.

२१/२५
१९०७ च्या जुलैत लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी सह्या करून हाफकिन यांच्यावर अन्याय झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर त्यांच्यावरचा ठपका व्यवहारात उठला. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण कलकत्त्याला. पूर्वीचे स्थान आणि कामाची मोकळीक त्यांना परत मिळाली नाही. ज्यांना लस हा साम्राज्याचा कट वाटतो त्यांनी याचा अर्थ लावावा. हाफकिन इंग्रज नव्हते. रशियन साम्राज्यात जन्मलेल्या या ज्यू माणसाला अडचणीच्या वेळी साम्राज्याने वाऱ्यावर सोडले. त्या काळी या प्रकरणाची तुलना फ्रान्समधल्या ड्रायफस प्रकरणाशी झाली ती उगाच नव्हे.

२२/२५
मलकोवालचा खरा धडा वेगळा आहे. 'लस उपयोगी आहे का?' आणि 'ही बाटली नीट बनवली आणि नीट उघडली गेली का?' हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर उंडेऱ्याच्या दोन रकान्यांत आहे. दुसऱ्याचे उत्तर दर वेळी, दर बाटलीमागे नव्याने द्यावे लागते. पहिल्याचे उत्तर दाखवून दुसरा प्रश्न दाबणे हा अधिकाऱ्यांचा दोष, आणि दुसऱ्यातली चूक दाखवून पहिले उत्तर पुसणे हा कटवाल्यांचा. १९ मृत्यूंचा जाब मागावाच. पण न टोचल्याने गेलेल्या २६ जणांनाही त्याच मापाने मोजावे.

२३/२५
एक गंभीर आक्षेप उरतो. हे आकडे गोळा करणारे डॉक्टर परक्या सत्तेचे नोकर होते; त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? विश्वास ठेवू नये, तपासावे. हीच मोजणी येर्सां आणि लुस्तिग यांच्या रक्तद्रवांच्या विरोधात गेली, हे विसरता येत नाही. पुढे याच मोजणीने हाफकिन यांच्या लसीलाही निवृत्त केले. स्ट्रेप्टोमायसिनसारखी जंतुनाशके आल्यावर प्लेगचा रुग्ण वेळेत उपचार मिळाल्यास बरा होऊ लागला. अल्पकाळ टिकणाऱ्या, ताप आणणाऱ्या लसीचा सार्वत्रिक वापर मागे पडला. जो तराजू आपल्याच नायकालाही सूट देत नाही तो विश्वसनीय ठरतो.

२४/२५
हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणेल. १९९४ आठवावे. त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आणि पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली. सुरत सोडून लाखो लोक पळाले आणि दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले. औषध योग्य होते. निवड मात्र शेजाऱ्याने नेले म्हणून झाली होती. ज्याला गरज नाही त्याने साठा केला, की ज्याला आहे त्याच्या वाट्याला रिकामे कपाट येते. आज ताप आला की 'काकांना या गोळीने गुण आला' असा निरोप फोनवर येतो. काका बरे झाले, हे खरेच. गोळी न घेता किती काका बरे झाले, हे त्या निरोपात नसते.

२५/२५
परळच्या जुन्या राजभवनात १८९९ मध्ये सुरू झालेल्या प्लेग प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले, ते योग्यच झाले. पण इतिहासप्रेमींनी त्यांचा गौरव करायचा तर तो त्यांच्या दंडावरच्या सुईपाशी थांबवू नये. दंड पेटनकोफर यांच्या पोटाइतकाच मुका साक्षीदार आहे. कोणत्याही औषधाची, लसीची, काढ्याची गोष्ट समोर आली की आधी एकच प्रश्न विचारावा : दुसरा रकाना कुठे आहे? ज्यांना ते मिळाले नाही त्यांचे काय झाले? उत्तर नसेल तर गोष्ट कितीही थरारक असो, ती पुढे पाठवू नये. उंडेऱ्यात उत्तर होते. ७१ पैकी ३, आणि ६४ पैकी २६.